परागकणांऐवजी दिली जाणारी खाद्यवडी: यावलच्या उन्हाळ्यातला अनुभव

यावल तालुक्यात केळीच्या बागेलगत माझ्या मेलिफेरा (पाळीव युरोपीय जातीच्या) मधमाश्यांच्या आठ पेट्या आहेत. कपाशी आटोपून रब्बीची फुलेही सरली, की चैत्र-वैशाखात माश्यांना परागकणांची चणचण भासू लागते. चहूकडे केळी असूनही ती भरून निघत नाही, कारण केळफुलात मकरंद मिळाला तरी लागवडीच्या केळीत परागकण जवळजवळ नसतातच. नुसता साखरेचा पाक दिला तर पेटी वजनाला भरते, पण अळ्या कमी होत जातात, हे दोन उन्हाळे पाहिल्यावर यंदा तयार खाद्यवडी ऑनलाइन मागवली.

तेल काढलेले सोयापीठ, यीस्ट आणि साखर यांची ही वडी आहे. पाकिटावर सांगितल्याप्रमाणे ती पिल्लांच्या चौकटींच्या वर ठेवली. तिसऱ्या दिवशी माश्यांनी कागद कुरतडून कडा खाल्लेल्या दिसल्या. वडीचा खरा उपयोग अळ्यांना पाजणाऱ्या तरुण माश्यांना असतो, कारण प्रथिने मिळाली तरच त्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून अळीचे दुधाळ खाद्य पाझरते. पंधरा दिवसांनी चौकट उन्हाकडे धरून पाहिली, तेव्हा लहान अळ्या पांढऱ्या द्रवात तरंगत होत्या. फक्त पाकावर ठेवलेल्या शेजारच्या पेटीत त्याच वयाच्या अळ्यांभोवती तो द्रव जेमतेम होता. दोनच पेट्यांवरून कायमचा निष्कर्ष काढणे योग्य नाही, तरी हा फरक मला समाधान देऊन गेला.

नाराजी पाकिटावरील माहितीबद्दल आहे. तिथे ‘भरपूर प्रथिने’ एवढेच छापले आहे, टक्केवारी नाही. मधमाशीला 10 अत्यावश्यक अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) लागतात, हे संशोधक डी ग्रूट यांनी 1953 मध्येच दाखवून दिले होते, आणि त्यांपैकी एक जरी कमी पडले तरी बाकीच्यांचा पुरेपूर उपयोग होत नाही. म्हणून घेणाऱ्याला प्रथिनांचे प्रमाण आणि प्रकार दोन्ही कळायला हवेत. स्टेरॉलचा, म्हणजे वाढीसाठी लागणाऱ्या स्निग्ध घटकांचा, तर उल्लेखही नाही. मधमाशीला स्टेरॉल शरीरात तयार करता येत नाहीत, ते परागकणांतूनच घ्यावे लागतात, आणि सोया-यीस्टमध्ये तिला हवे ते मिश्रण नसते. 2025 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी असे सहा स्टेरॉल बनवणारे यीस्ट तयार केले, आणि ते खाद्यात मिसळल्यावर वसाहतींत कितीतरी अधिक अळ्या कोषावस्थेपर्यंत पोचल्या. विकत मिळणारी वडी त्या पायरीवर नाही, हे विक्रेत्याने स्पष्ट लिहिले असते तर मला ते अधिक प्रामाणिक वाटले असते.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार झालेला दिसत नाही. मे महिन्यात पारा 43 अंशांवर गेला, तेव्हा अर्धी वडी वरून कडक होऊन माश्यांनी तशीच सोडली. नंतर मी निम्म्याच आकाराचे तुकडे करून, उरलेली वडी फ्रीजमध्ये ठेवून, दर चार दिवसांनी ताजा तुकडा दिला आणि पेटीजवळ खडे टाकलेले पाण्याचे पसरट भांडे ठेवले. त्यानंतर वाया गेली नाही.

खान्देशात चैत्र-वैशाखातील दीड-दोन महिने तग धरण्यापुरती ही वडी घ्यायला हरकत नाही. पावसानंतर ज्वारी, बाजरी आणि मका फुलले, की मी ती बंद करणार आहे, आणि पुढच्या वर्षी बांधावर शेवगा लावून वडीची गरजच कमी करायचा विचार आहे.