चाप, पिंजरा की विष? बेळगाव भागातील घरांसाठी उंदरांवरील उपायांची तुलना

बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या पट्ट्यात उंदरांचा त्रास वर्षातून दोनदा वाढतो. मृगाचा पाऊस लागला की बिळांत पाणी शिरते आणि उंदीर कोरड्या घराकडे वळतात. पुढे सुगी संपून भाताची पोती घरात आली की शेतातील खाद्य संपते आणि पुन्हा तेच घडते. अशा वेळी दुकानात चाप, पिंजरा, ग्लू पॅड (उंदीर चिकटवणारा पुठ्ठा), विषाचे केक आणि विजेच्या बोर्डाला लावायचे, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारे अल्ट्रासॉनिक यंत्र असे सगळेच समोर मांडलेले असते. त्यांतील काय घ्यावे, हे दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा घरात नेमका कोणता प्राणी आहे आणि घर कसे बांधलेले आहे, यावर ठरवणे अधिक योग्य आहे.

ओळख लेंड्यांवरून सर्वांत सोपी जाते. तांदळाच्या दाण्याहून लहान, 3 ते 6 मिलिमीटर लांबीच्या, टोकदार लेंड्या गॅसच्या शेगडीमागे, ड्रॉवरमध्ये किंवा पिठाच्या डब्याजवळ दिसत असतील, तर तो जेमतेम 12 ते 30 ग्रॅम वजनाचा घरातला लहान उंदीर असतो. लेंड्या सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठ्या असतील, रात्री माळ्यावर किंवा आढ्यावर धावपळ ऐकू येत असेल आणि वाशांवर काळपट, तेलकट पट्टे उमटलेले असतील, तर तो कौलारू घरांत राहणारा मोठा काळा उंदीर होय. परसात मातीचे ढीग आणि मोठी बिळे दिसली तर घूस समजावी. चिचुंद्री मात्र उंदीरच नव्हे. लांब नाक, बारीक डोळे, चिकचिक आवाज आणि उग्र वास यांवरून ती ओळखू येते. ती झुरळे आणि किडे खाते, त्यामुळे तिच्यासाठी विष मांडणे व्यर्थ आहे. मोरीची जाळी नीट बसवली म्हणजे पुरे.

ही ओळख महत्त्वाची आहे, कारण या दोन उंदरांचे स्वभाव उलटे आहेत. लहान उंदीर जिज्ञासू असतो, नवी वस्तू पहिल्याच रात्री हुंगून पाहतो आणि बहुधा आपल्या बिळापासून काही मीटरच्या आतच वावरतो. काळा उंदीर संशयी असतो. नेहमीच्या वाटेवर नवी वस्तू आली की तो काही दिवस ती टाळतो.

लहान उंदरासाठी चापाइतका परिणामकारक, स्वस्त आणि त्यातल्या त्यात कमी यातना देणारा दुसरा उपाय नाही, असे माझे मत आहे. तरीही अनेक घरांत चाप निकामी ठरतो, कारण एकच चाप स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवला जातो आणि त्यावर चपातीचा मोठा तुकडा लावला जातो, जो उंदीर खटका न पाडता ओढून नेतो. उंदीर भिंतीच्या कडेने चालतो, म्हणून चाप भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा. दोन-दोन मीटरच्या अंतराने पाच-सहा चाप एकाच रात्री मांडावेत. आमिष हरभऱ्याएवढेच असावे. ओलसर दाण्याचे कूट खटक्यावर घट्ट चिकटवले किंवा सुक्या बांगड्याचा तुकडा दोऱ्याने बांधला तर उंदराला तो कुरतडावाच लागतो. काळ्या उंदरासाठी मोठ्या आकाराचा चाप लागतो आणि तो सुरुवातीचे काही दिवस खटका न ताणता, नुसते आमिष लावून ठेवावा लागतो. घरात रांगते मूल असेल तर चाप फळीमागे किंवा आडोशालाच हवा.

ज्यांना जीव मारणे नको वाटते, त्यांना पिंजरा पटतो. गणेशचतुर्थीच्या दिवसांत तर बाप्पाच्या वाहनावर चाप लावायला पुष्कळ घरे तयार नसतात. पिंजरा पुन्हा पुन्हा वापरता येतो आणि काळा उंदीर त्यात बऱ्यापैकी सापडतो. प्रश्न पुढचा असतो. नाल्यापलीकडे सोडलेला उंदीर बहुधा दुसऱ्याच्या घरात शिरतो किंवा अनोळखी जागी मरतो, आणि पिंजरा पाण्यात बुडवणे ही चापापेक्षा कितीतरी क्रूर रीत आहे. शिवाय पिंजरा रोज सकाळी पाहावा लागतो. हे जमत नसेल तर तो घेऊ नये.

ग्लू पॅड मी कोणालाही सुचवणार नाही. त्यावर अडकलेला प्राणी तासन्‌तास तडफडतो, भीतीने लघवी करतो आणि त्याला हाताळताना तीच घाण हाताला लागते. पाली, चिमण्या आणि मांजराची पिल्लेही त्यावर चिकटतात. अल्ट्रासॉनिक यंत्रावरही पैसे घालू नयेत, कारण त्याचा आवाज भिंत किंवा कपाट भेदून जात नाही आणि उंदरांना तो लवकर सवयीचा होतो.

विषाचा विचार सर्वांत सावधपणे करावा लागतो. केकमध्ये बहुधा 0.005 टक्के ब्रोमॅडिओलोन असते. त्याने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. हा विलंब काळ्या उंदराच्या संशयी स्वभावावर मात करतो, ही त्याची जमेची बाजू. परंतु मेलेला उंदीर माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये कुजतो, आणि तो खाणारे मांजर किंवा घुबडही विषबाधेने मरू शकते. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिसळून विषारी फॉस्फिन वायू सोडते आणि त्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर माणसाचे यकृत निकामी करते. ती घरात आणूच नये. पाकिटावरील मजकूर कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल, तर तो दुकानदाराकडून वाचून घेतल्याशिवाय वापरू नये. चुकून कोणाच्या पोटात विष गेलेच, तर घरी उलटी न काढता पाकिटासह लगेच रुग्णालयात जावे. ब्रोमॅडिओलोनवर के-1 जीवनसत्त्वाचा उपचार आहे, पण लक्षणे उशिरा दिसतात. म्हणून रुग्ण ठणठणीत वाटला तरी थांबू नये.

निर्णय घराप्रमाणे बदलतो. बेळगाव शहरातील फ्लॅटमध्ये चाप आणि भोके बुजवणे एवढे बहुधा पुरते. पेन्सिल जाईल एवढ्या, सुमारे 6 मिलिमीटरच्या फटीतून लहान उंदीर आत येतो, त्यामुळे पाइपाभोवतीच्या फटीत स्टीलचा काथ्या कोंबून वर सिमेंट लावावे आणि दाराखाली पत्र्याची पट्टी बसवावी. खानापूरकडच्या मंगळुरी कौलांच्या, मातीच्या भिंतींच्या घरात सगळ्या फटी बुजवणे अशक्यच असते. तेथे भाताची पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत, खाण्याचे धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे आणि माळ्यावर मोठे चाप किंवा पिंजरे लावावेत. केक वापरायचाच झाला, तर तो कुलूपबंद बेट स्टेशनमध्ये (आमिष ठेवायच्या पेटीत), मुले आणि गुरे यांच्यापासून दूर ठेवावा.

कोणताही उपाय निवडला तरी दिरंगाई महाग पडते: मादी सुमारे 3 आठवड्यांत पाच ते आठ पिल्ले देते आणि ती पिल्ले दीड-दोन महिन्यांत स्वतः विऊ लागतात. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत. हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्याचे मिश्रण शिंपडून पाच मिनिटांनी पुसून घ्याव्यात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि पावसाळ्यात त्याचा धोका अधिक असतो. सफाईनंतर रात्री भिंतीच्या कडेला पीठ पातळ भुरभुरावे. सलग आठवडाभर त्यावर पावले उमटली नाहीत आणि नव्या लेंड्या दिसल्या नाहीत, तर चाप काढायला हरकत नाही. खेडेगावात मात्र मळणी पूर्ण होईपर्यंत ते तसेच लावून ठेवावेत.