शिमान्स्की आडनावाचा माग: पोझ्नान प्रोजेक्ट आणि गेनेतेका वापरून पाहिलं, त्याबद्दल

पोलिश आडनावाचं मूळ शोधायचं असेल, तर कुणालाही पैसे देण्याआधी ‘पोझ्नान प्रोजेक्ट’ आणि ‘गेनेतेका’ या जुन्या जन्म-विवाहनोंदी शोधायच्या दोन मोफत सेवा नीट वापरून पाहा. मी दोन्ही बराच काळ वापरते आहे. माझं सासर अमेरिकेत मिलवॉकीला, आडनाव शिमान्स्की. घराणं ‘जर्मन पोलंड’मधून आलं, एवढंच सासूबाईंना ठाऊक होतं. गाव कुठलं, पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) कुठली, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

या सेवा हाती लागण्याआधी माझ्या दिरांनी एका साइटला पैसे भरून आडनावाचा अहवाल मागवला होता. अशा साइट पुष्कळ आहेत आणि साचा सगळ्यांचा एकच, म्हणून नाव लिहीत नाही. अहवालात जगाचा रंगीत नकाशा, प्रत्येक देशापुढे एक आकडा, मुळाबद्दल दोन ओळी आणि एक राजचिन्ह. चिन्ह फ्रेम करून भिंतीवर लावायचं वेगळं शुल्क. दिरांना तो आवडला होता, पण त्यातून आमच्या घराबद्दल एक अक्षर कळलं नाही, आणि राजचिन्हाचा भाग तर सरळ दिशाभूल करणारा होता.

पोलंडमध्ये ‘हेर्ब’ म्हणजे कुलचिन्ह एका आडनावाचं नसतं. श्लेपोव्ह्रोन, यास्त्शेंब्येत्स, नावेंच अशी एकेक हेर्ब कितीतरी घराण्यांनी मिळून वापरली आणि त्यांच्यात रक्ताचं नातं असेलच असं नाही. एकाच आडनावाची वेगवेगळी घराणीही वेगवेगळ्या हेर्बची असतात. त्यात ‘-स्की’ शेवट असला म्हणजे घराणं उमरावांचं, ही समजूत परदेशातल्या पोलिश घरांत फार घट्ट बसलेली आहे. सुरुवातीला हा प्रत्यय जमीनदारांच्या गावांच्या नावांना लागला हे खरं, पण पुढे शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनीही तो घेतला. जुन्या पोलंडमध्ये उमराव लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास. आज ‘-स्की’ लावणारे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

शिमान्स्कीचं मूळ शिमोन या नावात. शिमोनवरून शिमानी, शिमानुफ, शिमानोवो अशी गावं झाली आणि गावांवरून आडनाव. काही घरांत ते बापाच्या ‘शिमान’ या नावावरून थेटही आलं. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. वडगावं पुष्कळ, म्हणून वडगावकरही पुष्कळ, आणि ते एकमेकांचे कुणी लागत नाहीत, तसंच हे. शिमानी नावाचं एक गाव उत्तरेला माझूरी भागात आहे, ओल्श्तिनचा विमानतळ तिथेच आहे. शिमानुफ वॉर्सॉच्या पश्चिमेला. शिमानोवो तर पोझ्नानभोवतालच्या व्येल्कोपोल्स्का भागातच एकाहून जास्त आहेत, एक श्रेमजवळ आणि एक राविचजवळ. म्हणजे हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलं. आज पोलंडमधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या दहा-बारा आडनावांत ते बसतं. अशा आडनावाचं ‘मूळ गाव’ नकाशावर एक टिंब काढून दाखवणारी सेवा विकत घेण्यात अर्थ नाही.

त्या नकाशातल्या आकड्यांबद्दलही माझी गंभीर तक्रार आहे. पोलिशमध्ये पुरुष शिमान्स्की आणि बाई शिमान्स्का. अहवालात फक्त पहिलं रूप मोजलेलं, म्हणजे पोलंडमधला अर्धा आकडा तिथेच गळाला. पोलंड सरकार ‘पेसेल’ या नागरिक नोंदवहीतली आडनावं पुरुष आणि स्त्रिया अशा वेगळ्या यादीत जाहीर करतं. ती फाइल कुणालाही उतरवून घेता येते, दोन्ही आकड्यांची बेरीज आपण स्वतः करू शकतो. परदेशात परिस्थिती उलटी. अमेरिकेत, फ्रान्समध्ये, जर्मनीत बायकाही शिमान्स्कीच लावतात, माझ्या नणंदेपासून माझ्यापर्यंत. पण स्पेलिंग बदललेलं असतं. मूळ पोलिशमध्ये सुरुवातीला ‘एसझेड’ आणि शेवटच्या ‘एन’वर तिरकी रेघ. अमेरिकेत रेघ गेली. जर्मनीत सुरुवातीला ‘एससीएच’ आलं. रशियन लिपीतून इंग्रजीत आलेल्यांचं ‘एसएच’ झालं. लिथुआनियात नवरा शिमान्स्किस, बायको शिमान्स्कियेने, अविवाहित मुलगी शिमान्स्किते. नकाशे बनवणाऱ्यांच्या यंत्राला ही सगळी वेगवेगळी आडनावं वाटतात. मग हे आडनाव ‘जगात कुठे किती’ हे त्या नकाशावरून कसं ठरवायचं?

आता पोझ्नान प्रोजेक्टकडे येते, कारण आमचं काम तिथे झालं. पूर्वीच्या प्रशिया या जर्मन राज्याच्या पोझ्नान प्रांतातल्या १९व्या शतकातल्या विवाहनोंदींची ही सूची २००० साली सुरू झाली. नोंदी स्वयंसेवकांनी पॅरिशच्या वह्या वाचून उतरवल्या आहेत. शोधपान अगदी साधं आहे: वराचं नाव-आडनाव, वधूचं नाव-आडनाव, सालांची मर्यादा. निकालात नाव किती जुळतं ते टक्क्यांत दिसतं, म्हणून स्पेलिंग इकडेतिकडे झालं तरी नोंद हातची सुटत नाही. निव्वळ शिमान्स्की टाकलंत तर निकालांचा ढीग येईल आणि त्याचा काहीच उपयोग होणार नाही. किल्ली बायकोच्या माहेरच्या आडनावात असते. आम्हाला ते मिलवॉकीच्या पॅरिशमध्ये मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत मिळालं. अमेरिकेतल्या पोलिश चर्चच्या वह्यांत आईचं माहेरचं आडनाव बहुधा लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा मूळ गावही. शोध सुरू करायची जागा तीच. वर-वधूची जोडी एकत्र टाकली आणि पोझ्नान प्रांतातल्या क्रोब्या या गावची नोंद समोर आली.

साल १८७४ नंतरचं होतं, हे आमचं भाग्य. प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि तिच्यातल्या विवाहनोंदीत दोघांचा व्यवसाय, जन्मस्थळ, दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं अशी सगळी माहिती येते. चर्चच्या लॅटिन नोंदीत ओळीभर मजकूर, इथे पानभर. नोंदीचं पान पोलंडच्या राज्य अभिलेखागारांच्या ‘शुकाय फ आर्हीवाख’ या पोर्टलवर स्कॅन स्वरूपात पाहायला मिळालं. तेही मोफत. सासूबाईंच्या ‘जर्मन पोलंड’चा अर्थ त्या दिवशी घरात सगळ्यांना कळला. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा पोलंड प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रियाने (१७९३ला ऑस्ट्रियाशिवाय) वाटून घेतला आणि १९१८पर्यंत तो देश नकाशावर नव्हता. क्रोब्याचा शेतमजूर कागदावर प्रशियाचा, घरात पोलिश.

ही माणसं देश सोडून का निघाली, हेही त्या कागदांभोवतीच्या इतिहासातून उलगडतं. जमीन थोडी, खाणारी तोंडं जास्त. बिस्मार्कच्या काळात शाळा आणि चर्चवर दबाव, आणि १८८६ पासून पोलिश जमीनदारांच्या जमिनी विकत घेऊन तिथे जर्मन शेतकरी वसवणारा सरकारी आयोग. ब्रेमेनहून बोटीने बाल्टिमोर आणि तिथून थेट रेल्वे, ही वाट तेव्हा रुळलेली होती. ब्रेमेनच्या प्रवासी याद्या बहुतांश नष्ट झाल्या आहेत, हॅम्बर्गच्या १८५० ते १९३४ च्या टिकल्या. त्यामुळे पूर्वज ब्रेमेनहून निघाले असतील तर यादी अमेरिकेच्या बंदरात शोधा.

मिलवॉकीत त्यांच्यासाठी सेंट स्टॅनिस्लॉस पॅरिश १८६६ पासून होती आणि बे व्ह्यूची लोखंडाची गिरणी होती. मे १८८६ मध्ये आठ तासांच्या दिवसासाठी कामगार त्याच चर्चपासून मोर्चाने गिरणीकडे गेले आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. निदान सात जण मेले. मोर्च्यात बहुतेक पोलिश होते. आमचे शिमान्स्की तेव्हा शहरात होते, एवढं नोंदींवरून सांगता येतं.

एलिस आयलंडवर अधिकाऱ्यांनी आडनाव बदललं, ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक पोलिश-अमेरिकन घरात सांगतात. एलिस आयलंड उघडलंच १८९२ साली. शिवाय तिथले अधिकारी नावं लिहीत नसत, बोट निघाली त्या बंदरात तयार झालेली यादी समोर ठेवून ते तपासत. नाव बदललं ते पुढे, शाळेत, कारखान्यात, कोर्टात, किंवा माणसाने स्वतःहून. फ्रान्सचा रेमों कोपा १९५८ चा बालाँ द’ऑर मिळवणारा फुटबॉलपटू. त्याचं मूळ आडनाव कोपाशेव्स्की, घर खाणकामगाराचं, नोर-पा-द-कालेच्या कोळसापट्ट्यातलं. १९१९ च्या करारानंतर फ्रान्सने पोलिश मजूर हजारोंनी बोलावले आणि १९३१ पर्यंत तिथे सुमारे पाच लाख पोलिश झाले. त्याआधी जर्मनीत रूरच्या खाणींत अशीच वस्ती उभी राहिली होती, बोखुमला त्यांचं पोलिश वर्तमानपत्र निघत होतं. ब्राझीलमध्ये कुरितिबाच्या आसपास १८७०च्या दशकापासून शेतकऱ्यांच्या वसाहती झाल्या. ब्रिटनमध्ये युद्धानंतरचे सैनिक १९४७ च्या पुनर्वसन कायद्याने राहिले आणि २००४ नंतर नवी पिढी आली. आडनाव एकच, पण ओहायोच्या टोलेडोतला शिमान्स्की आणि डुइसबुर्गमधला शिमान्स्की वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या दशकांत, बहुधा वेगवेगळ्या गावांतून गेलेले. हे कुठलाही रंगीत नकाशा दाखवत नाही.

तुमचं घराणं पोझ्नानकडचं नसेल तर गेनेतेका. पोलिश वंशावळ संस्थेची ही सूची आहे, इथेही काम स्वयंसेवकांचं. नोंदी कोट्यवधी. जन्म, विवाह, मृत्यू असे तीन भाग, आजचे सोळा प्रांत वेगळे, वॉर्सॉ वेगळं, शिवाय युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियातल्या पॅरिशही. आडनाव टाकलं की कुठल्या प्रांतात किती नोंदी ते आधी दिसतं. विकतच्या नकाशापेक्षा मला हा आकडा कामाचा वाटतो, कारण त्यामागे खऱ्या वहीतली खरी ओळ असते आणि ती उघडता येते. शिमान्स्की आणि शिमान्स्का आपोआप एकत्र शोधले जातात. अचूक शोधाची खूण सुरुवातीला लावू नका. नोंदीशेजारी स्कॅनचं बटण असेल तर ते दाबायलाच हवं, कारण सूचीतली ओळ म्हणजे उतारा, पुरावा नव्हे.

पान दिसायला जुनाट आहे आणि पहिल्यांदा गोंधळायला होतं, पण खरी अडचण दुसरी आहे. सगळ्या पॅरिश अजून झालेल्या नाहीत, झालेल्यांचीही मधली सालं राहिलेली असतात. प्रत्येक प्रांताखाली पॅरिश आणि सालं यांची यादी दिलेली आहे, ती पाहिल्याशिवाय ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढणं चूक. खुद्द व्येल्कोपोल्स्कासाठी गेनेतेका तितकी भरलेली नाही, तिथे पोझ्नान प्रोजेक्ट आणि ‘बासिया’ ही दुसरी सूची जास्त उपयोगी. आणि अलीकडचं काही इथे मिळणार नाही: जन्मनोंदी शंभर वर्षं आणि विवाह-मृत्यूच्या ऐंशी वर्षं नोंदणी कार्यालयातच राहतात. त्यांची प्रत हवी असेल तर कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, संक्षिप्त प्रतीला २२ झुओती आणि संपूर्ण प्रतीला ३३. मी नेहमी संपूर्णच मागवायला सांगते. आईवडिलांचा तपशील तिच्यात सविस्तर येतो.

भाषेची तयारी ठेवा. रशियन ताब्यातल्या भागात १८०८ पासून नोंदी पोलिशमध्ये परिच्छेदासारख्या लिहिलेल्या, १८६८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत रशियनमध्ये. ऑस्ट्रियाच्या गालिसियात लॅटिनमध्ये, रकाने आखून. आमच्या प्रशियाकडे सरकारी नोंदी जर्मनमध्ये, त्याही जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात. अनुवादासाठी पैसे मोजायची गरज नाही. गेनेतेका चालवणाऱ्या संस्थेच्याच साइटवर स्वयंसेवक नोंदी वाचून देतात. विनंती करताना एका वेळी एकच नोंद द्या, स्कॅनचा दुवा आणि नोंद क्रमांक लिहा, आणि तुम्हाला वाचता आलेली नावं आणि गावं आधीच लिहून ठेवा. आमच्या क्रोब्याच्या नोंदीतलं वधूच्या आईचं नाव मला लागत नव्हतं, ते तिथल्याच एका स्वयंसेवकाने वाचून दिलं.