बेलार्मिनोची एक पेसेता, रविवार कारंजावर

नाशिकच्या रविवार कारंजाच्या मागच्या बोळात जुनी नाणी, नोटा आणि तिकिटं विकणारं एक छोटं दुकान आहे. पाटीसुद्धा धड दिसत नाही. गेल्या महिन्यात तिथून 900 रुपयांना एक नोट घेतली.

माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. हातात कोणतीही नोट आली की आधी उजेडात धरायचे, मग अंगठ्यानं कडा चाचपायचे. तीच सवय मला लागली. पण बरेच दुकानदार नोट पाकिटातून काढूच देत नाहीत. इथल्या काकांनी काउंटरवर पांढरं कापड अंथरलं, चिमटा पुढे केला आणि म्हणाले, "ताई, आधी नीट बघून घ्या, भावाचं नंतर बोलू."

नोट 1937 ची, एका पेसेताची (पेसेता म्हणजे स्पेनचं तेव्हाचं चलन), आस्तुरियास आणि लेऑनच्या कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या प्रादेशिक सरकारनं, काढलेली. मधली घडी इतकी मुरलीय की तिथली छपाई उडालीय, आणि एक कोपरा कापसासारखा मऊ झालाय. ही नोट खूप हातांतून फिरली असणार.

आस्तुरियास म्हणजे उत्तर स्पेनमधला, डोंगर आणि समुद्र यांच्यामधला कोळशाचा मुलूख. 1934 च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या खाणकामगारांनी उठाव केला. दोनेक आठवड्यांत सैन्यानं तो चिरडला, आणि माद्रिदमधून सूत्रं जनरल फ्रँको, पुढे स्पेनचा हुकूमशहा झाला तो, हलवत होता. 1936 मध्ये फ्रँकोसह काही सेनानींनी प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केलं आणि यादवी पेटली, तेव्हा आस्तुरियासची राजधानी ओविएदो इथल्या कर्नल आरांदानं आपण सरकारच्याच बाजूचे असल्याचं भासवलं. खाणकामगार विश्वासानं रेल्वेत बसून माद्रिदच्या मदतीला निघाले, आणि 19 जुलैला त्यानं पलटी खाल्ली, बंडखोरांना मिळाला. मग या लोकांवर आपल्याच राजधानीला वेढा घालायची वेळ आली. बंदुका थोड्या, पण डायनामाइट हाताळायला शिकवावं लागत नव्हतं. तरी ऑक्टोबरमध्ये गॅलिसियाहून फ्रँकोची कुमक पोहोचली आणि ओविएदो हाती आलंच नाही.

उत्तरेचा हा पट्टा बाकीच्या प्रजासत्ताकापासून तुटलेला होता. लोकांनी चांदीची नाणी दडवली, सुट्टे मिळेनात, म्हणून कौन्सिलनं स्वतःच्या नोटा काढल्या. अध्यक्ष बेलार्मिनो तोमास हा खाणकामगारांचाच पुढारी, 1934 मध्ये शरणागतीची बोलणीही त्यानंच केली होती. लोक या नोटांनाच 'बेलार्मिनो' म्हणू लागले. 24 ऑगस्ट 1937 ला कौन्सिलनं स्वतःला सार्वभौम जाहीर केलं, आणि 21 ऑक्टोबरला आस्तुरियासचं बंदर खिखोन फ्रँकोच्या हाती पडलं. फ्रँकोच्या राज्यात या नोटा कुणी घेईना. ज्यांची मजुरी या नोटांत होती त्यांच्या डब्यात नुसता कागद उरला. प्रेसवाल्याच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण हे मला फार लागतं.

म्हणूनच तक्रार मनापासून करते. चिठ्ठीवर फक्त 'स्पेन, युद्धकाळ' लिहिलं होतं, आणि बुर्गोसहून, म्हणजे फ्रँकोच्या युद्धकाळातल्या राजधानीतून, निघालेल्या नोटा त्याच ट्रेमध्ये होत्या. मी फरक सांगितला तर काकांनी वाद न घालता पेन काढलं आणि माझ्याकडून स्पेलिंग विचारून 'आस्तुरियास' लिहिलं. ट्रेसुद्धा वेगळा केला. पाकिटं मात्र चिकट प्लास्टिकची आहेत, ती बदलायला हवीत. जुन्या शाईला ते मारक. घरी आल्यावर पहिल्यांदा तेच काढून फेकलं.

बिल न मागता मिळालं. दुपारी 1 ते 4 दुकान बंद असतं. त्या ट्रेमध्ये अजून दोन बेलार्मिनो आहेत, त्यातल्या एकाची कड चांगली आहे.