सतार, व्हायोलिन की सरोद? नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी नक्की काय घ्यावं

चाळिशी आली की बऱ्याच जणांना वाद्य शिकायची हुक्की येते, रात्री यूट्यूबवर विलायत खाँसाहेबांचा यमन ऐकून झाला की पुढचा सर्च थेट "सतार कितीला मिळते" असाच असतो. आमच्या घरात सतार मी वाजवतो, व्हायोलिन बायको वाजवते आणि एक जवळचा मित्र सरोदवाला आहे ज्याच्या तक्रारी मी नेमाने ऐकतो, त्यामुळे हा प्रश्न ओळखीपाळखीतून माझ्याकडे येतच राहतो. माझं म्हणणं एवढंच, कुठलं वाद्य ऐकायला आवडतं हे जरा बाजूला ठेवा आणि असा विचार करा की मंगळवारी रात्री साडेनऊला, जेवणं आटोपून, उद्याच्या डब्याची भाजी चिरून झाल्यावर कुठलं वाद्य तुमच्याच्याने खाली काढून बसणं होईल.

सतारीपासून सुरुवात करू. सतारीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे पडदे, बोट पडद्याच्या जरा मागे दाबलं, नखीने "दा" मारला की बरा सूर येतोच, पहिल्या दिवशीसुद्धा. शिवाय खाली तरफा, म्हणजे न वाजवता आपोआप गुंजणाऱ्या बारीक तारा, झणझणतात त्यामुळे नुसतं सा रे ग म वाजवलं तरी काहीतरी मोठं चाललंय असं घरच्यांना वाटतं, आणि नवशिक्याला हा धीर फार लागतो. नंतर मींड सुरू झाली की खरी परीक्षा, एकाच पडद्यावर तार बाजूला ओढून चार-पाच सूर काढायचे आणि ते सुरात थांबले पाहिजेत, तिथे पडदा काही मदत करत नाही. डाव्या हाताची पहिली दोन बोटं तारेने कापल्यासारखी होतात, मग घट्टे पडतात, मग काही वाटत नाही. ऑफिसात टायपिंग करताना थोडे दिवस जाणवतं इतकंच.

खरा त्रास सुरात लावण्याचा. वरच्या सहा-सात तारा, खाली अकरा ते तेरा तरफा, लाकडी खुंट्या, आणि पावसाळ्यात त्या फुगून अडकतात तर उन्हाळ्यात सुकून घसरतात (खुंटीला खडू लावून ठेवा, जुना आणि चालणारा उपाय). तरफा रागाप्रमाणे लावायच्या असतात म्हणजे काल यमन वाजवला आणि आज भैरव घ्यायचा तर तीव्र मध्यम शुद्ध करा, रे-ध कोमल करा, वर मधल्या सप्तकात कोमल रे-ध ला वेगळे पडदेच नसतात म्हणून ते पडदेही सरकवा. नवीन माणसाची यात सहज वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि बसायलाच अर्धा तास असेल तर वाजवायचं कधी. यावर उपाय म्हणजे तीन-चार महिने एकच राग धरून बसायचं, जे तसंही चांगलंच आहे. आणि सतार गवसणीत घालून माळ्यावर टाकायची नाही, हॉलमध्ये कोपऱ्यात हाताला येईल अशी ठेवायची.

बसणं हा दुसरा मुद्दा आणि दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही. भोपळा डाव्या तळपायावर, उजवा पाय वरून, उजव्या हाताच्या कोपराखालचा भाग भोपळ्यावर दाबून तोल सांभाळायचा. सुरुवातीला दहा मिनिटांत पायाला मुंग्या येतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय किंवा होणारे अशांनी दुकानात आधी पंधरा मिनिटं नुसतं बसून बघावं, सूरबिर नंतर.

आता व्हायोलिन. चार तारा, खालच्या टोकाला बारीक स्क्रू, पाच मिनिटांत लावून तयार. हिंदुस्थानीत बरेच जण सा-प-सा-प असं लावतात त्यामुळे राग बदलला तरी तारांना हात लावावा लागत नाही. खांद्याला अडकवून लोकलमध्ये जाता येतं, सतार घेऊन सहाची डोंबिवली फास्ट पकडून दाखवा. पायाचा त्रास असेल तर खुर्चीवर बसून वाजवतात, नाहीतर आपली नेहमीची बैठक म्हणजे मांडी घालून व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं, त्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि सुरांवरून घसरत जाता येतं. शिकण्यापुरतं बरं व्हायोलिन दहा हजारांच्या आत मिळतं, तेवढ्यात धड सतार मिळणार नाही, कित्येक पट जास्त लागतात.

मग सगळ्यांनी व्हायोलिनच का घेऊ नये? कारण पहिलं वर्ष. पडदे नाहीत, बोट केसभर इकडे गेलं की बेसूर, गज (तारांवर घासायची काठी) वाकडा गेला की किंचाळतं, आणि ते किंचाळणं भिंतीपलीकडच्या काकूंनाही ऐकू जातं. घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बसवायचं रबरी म्यूट स्वस्तात मिळतं ते पहिल्याच दिवशी घ्या, आवाज बराच खाली येतो. ज्यांनी लहानपणी थोडं गाणं केलंय किंवा ज्यांना बेसूर लगेच कळतो त्यांनाच मी व्हायोलिन सुचवतो, कारण तिथे कान हाच पडदा. बायकोने दहावीपर्यंत पेटी-गाणं केलेलं त्यामुळे ती टिकली. पण एकदा सूर बसला की गाण्याच्या इतकं जवळ जाणारं वाद्य दुसरं नाही, गजाननबुवा जोशी उत्तम गायक आणि उत्तम व्हायोलिनवादक दोन्ही होते, डी. के. दातारांचं वादन ऐका, ख्याल चाललाय असंच वाटतं. आणि एक सामाजिक फायदा, सोसायटीच्या गणपतीत, भावगीतांच्या ग्रुपमध्ये, भजनात व्हायोलिनवाल्याला लगेच बोलावतात. सतारवाला एकटाच, त्याला तबलजी शोधावा लागतो आणि तबलजी कायम बिझी.

सरोदबद्दल थोडक्यात. आवाजाला तोड नाही, त्यातून खर्जाचा सूर निघाला की पोटात जातो. पण पडदे नाहीत, वर गुळगुळीत पोलादी पट्टी, आणि डाव्या हाताची नखं वाढवून, घासून नीट ठेवायची कारण तार नखाने दाबून घसरवायची (काही घराण्यांत नख आणि बोटाचं टोक दोन्ही). रोज कणीक मळणाऱ्यांनी ठरवावं. खाली कातडं ताणलेलं असतं, मुंबईच्या जुलैत ते सैल पडतं आणि सगळा सूर खाली बसतो, मित्र चार महिने पावसाला शिव्या देतो. वाद्यं बहुतेक कोलकात्याहून, मोठी दुरुस्तीही तिकडेच, आणि महाराष्ट्रात शिकवणारे मोजके. मुंबईत सरोदवादक झरीन दारूवाला होत्या तेव्हा गोष्ट वेगळी होती, त्या २०१४ ला गेल्या. गंमत म्हणजे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या मराठी माणसाला सरोद जास्त सोपा पडेल कारण अली अकबर खाँसाहेबांनी काढलेलं कॉलेज तिथे सॅन राफेलला आहे, आपल्या अकोल्याच्या माणसाने कुठे जायचं. जवळ प्रत्यक्ष शिकवणारा असेल तरच या वाटेला जा, ऑनलाइनवर सरोदचा डावा हात बसत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

संतूर मध्येच कुणीतरी विचारतंच. शंभराच्या आसपास तारा, सुरात लावायलाच रविवार जातो. दिलरुबा चांगला पर्याय, पडदे आहेत आणि गजही आहे, पण शिकवणारा सापडला तर मला कळवा.

तर, गळा किंवा कान तयार असेल, जागा कमी असेल, फिरती असेल, परदेशी जायचं असेल तर व्हायोलिन, जगात कुठेही दुरुस्त होतं. गाण्याचा काहीच अनुभव नसेल, मांडी घालता येत असेल आणि पैसे जरा बाजूला टाकलेले असतील तर सतार. सरोद फक्त गुरू असलेल्यांसाठी.

सतार ठरली तर खरेदीआधी शिकवणाऱ्यांना एक प्रश्न नक्की विचारा, खर्ज-पंचम की गंधार-पंचम. रविशंकरजींच्या पद्धतीच्या सतारीला खर्जाच्या जाड तारा असतात, विलायत खाँसाहेबांच्या पद्धतीत त्या काढून गंधाराची तार असते, तारांची मांडणीच वेगळी आणि नंतर बदलायची तर पुन्हा खर्च. मग शक्य असेल तर मिरजेला जा. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला हे छानच, पण शिक्का तुमच्या हातातल्या नगाला सूर देत नाही, तेव्हा वाजवणारं कुणीतरी सोबत न्या. दांडी एका डोळ्याने बघा वाकली आहे का, भोपळ्याला चीर आहे का, प्रत्येक पडद्यावर तार दाबून खरखर येते का. आणि जवारी (घोडीचा माथा घासून आवाज मोकळा करणं) कोण काढून देणार हे तिथेच विचारून घ्या, कारण वाजवून वाजवून घोडीवर तारेच्या खाचा पडतात, आवाज बद्द होतो आणि ती कानशीने घासून परत बसवणं हे यूट्यूब बघून घरी करायचं काम नव्हे.