अकरावीच्या पोरांना मदत: फी भरावी की दरमहा पैसे द्यावेत?

गेल्या महिनाभरात दोन वेगवेगळ्या गटांनी मला एकच प्रश्न विचारला. दोन्ही गट आमच्यासारखेच. जुन्या शाळेची बॅच, व्हॉट्सॲप ग्रुप, पुण्या-मुंबईत स्थिरावलेली मंडळी. गावाकडच्या गरीब पोरांची शाळा दहावीनंतर सुटू नये म्हणून वर्गणी जमा झालेली, पण पैसे द्यायचे कसे यावर घोडं अडलेलं. कॉलेजात परस्पर फी भरायची, की पोरांच्या खात्यात दरमहा काही टाकायचं?

आम्ही आष्टी तालुक्यात, म्हणजे बीड जिल्ह्यात, दोन्ही करून पाहिलं आहे. तीन वर्षं फी भरली आणि आता तिसरं वर्ष दरमहा पैसे देतोय. सरकारी योजनांची यादी इथे देत बसत नाही, ती तुम्हाला माहीत असणारच. एवढंच ध्यानात ठेवा की योजना असली म्हणजे पोराचं भागलं असं होत नाही. अनुसूचित जातीतल्या, घरून ये-जा करणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत निर्वाह भत्ता मिळतो तो वर्षाला २,५०० रुपये. महिन्याला किती होतात ते तुम्हीच काढा.

आधी फीबद्दल. फी भरण्यात एक मोठं सुख आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. हिशोब स्वच्छ राहतो. जूनमध्ये यादी येते, धनादेश जातो, पावती मिळते, पावतीचा फोटो ग्रुपवर पडतो, खाली पंधरा जण हात जोडतात. विषय संपला. पैसे बापाच्या हातात जात नाहीत, त्यामुळे 'दारूत गेले तर?' हा प्रश्न कुणी विचारत नाही. रक्कम एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टमार्फत गेली तर देणगीदाराला आयकरात सवलतही मिळू शकते. पोराच्या खात्यात थेट टाकलेल्या पैशांवर ती मिळत नाही. आमच्यातल्या दोघांनी याच कारणाने दुसऱ्या पद्धतीला विरोध केला होता आणि तो अगदीच अप्रस्तुत नव्हता.

पण खालून पाहिलं तर चित्र जरा वेगळं दिसतं. अनुदानित कॉलेजात कला शाखेची अकरावीची फी मुळातच फार नसते आणि मुलींना तर बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. म्हणजे जिथे फी भरायची, तिथे फी हा अडसरच नव्हता. जिथे फी खरोखर मोठी, ते विनाअनुदानित कॉलेज. त्यामुळे 'फी आम्ही भरू' म्हटल्यावर झालं असं की पहिल्याच वर्षी दोन पोरांनी गावाजवळचं अनुदानित कॉलेज सोडून लांबच्या महागड्या सायन्सला नाव घातलं. फी आम्ही भरली. जाण्या-येण्याचं भाडं कुणी भरायचं, हा विचार त्यांनीही केला नाही आणि आम्हीही नाही.

तरीही एवढ्यावरून मी पद्धत बदलली नसती. माझं मत ज्या गोष्टीने बदललं ती वेगळीच.

फीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या यादीत चौदा पोरं होती. जूनमध्ये चौदा पावत्या आल्या. जानेवारीत एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला आम्हा तिघांना बोलावणं आलं. हार-तुरे झाले, भाषण झालं, मग मी सहज म्हटलं, आपली पोरं कुठायत, भेटू तरी. त्या कॉलेजातली सहा जणं यायला हवी होती. दोन आली. एकजण आजारी होता. उरलेली तीन कुठे आहेत ते त्या दोघांना माहीत होतं आणि आम्ही इतकं साधं कसं विचारतो याचं त्यांना नवल वाटत होतं. 'सर, ती फडावर गेली की. दिवाळीपासून नाहीत.' म्हणजे घरच्यांबरोबर ऊसतोडीला. एक सांगलीकडे, दोन कर्नाटकात.

हजेरीपटावर मात्र तिघांचीही नावं शाबूत होती. अकरावीला बोर्डाचा फॉर्म भरायचा नसतो, त्यामुळे पोर गेलं तरी कागदावर ते कुणाला दिसत नाही. आमच्या फाइलमध्ये पावत्या होत्या. तीन वर्षांच्या, तारखेनुसार लावलेल्या. परत येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे पोराच्या शिक्षणाचा निर्णय जूनमध्ये होत नाही. जूनमध्ये सगळ्यांनाच शिकायचं असतं. पाऊस पडलेला असतो, नवी वही असते. निर्णय होतो दसऱ्याच्या आसपास, मुकादम, म्हणजे ऊसतोडीसाठी मजूर जमवणारा ठेकेदार, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) वाटायला लागतो तेव्हा. उचलीचा हिशोब कोयत्यावर: नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. सोळा वर्षांचं पोरगं घरात असलं की बाप अर्ध्या कोयत्याची जादा उचल घेऊ शकतो, तीही एकरकमी, रोख. कर्ज असतं, बहिणीचं लग्न असतं, दवाखाना असतो. मुलगी असेल तर ती फडावर धाकट्यांना सांभाळते, नाहीतर गावात म्हातारीजवळ राहते आणि मग 'एकटी पोर गावात कशाला' म्हणून स्थळं बघायला सुरुवात होते. पट्टा पडून, म्हणजे तोडणीचा हंगाम संपून, माणसं परततात तोवर मार्च-एप्रिल उजाडतो.

आमची मदत जूनमध्ये संपलेली असायची. दसऱ्याला मुकादम दारात उभा असताना आमच्याकडून त्या घरात काहीच नसायचं, एक पावती सोडून. मला आजही सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

आता दुसरी बाजू. सध्या आम्ही जुलै ते एप्रिल दरमहा १,००० रुपये पोराच्या स्वतःच्या खात्यात टाकतो. शिवाय दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडतं त्या आठवड्यात पोर वर्गात हजर असेल तर एकदम ५,०००. वर्षाला पोरामागे पंधरा हजार होतात. फीच्या मानाने हे महाग आहे. म्हणून चौदाची यादी नवावर आणावी लागली आणि पाच घरांना नाही म्हणणं अजिबात सोपं गेलं नाही. तुमच्याकडे पैसे कमी आणि मुलं जास्त असतील तर या मुद्द्याचा नीट विचार करा.

उचलीशी हजार रुपयांची बरोबरी होत नाही, हे कबूल. पण आमच्या अनुभवात दुसरंच काहीतरी झालं. पोर दर महिन्याला काहीतरी घरी आणतंय, हे घराला दिसायला लागलं. एका बापाने एटीएम कार्ड स्वतःकडेच ठेवलं होतं, आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. ग्रुपवर गदारोळ झाला. मी जाऊन भेटलो. पैसे किराण्यात आणि खतात गेले होते. तो शांतपणे म्हणाला, 'पोरगं शिकतंय म्हणून तर येत्यात ना? मग त्याला कशाला काढू?' मला यावर उत्तर सुचलं नाही आणि खरं सांगायचं तर उत्तर द्यावंसंही वाटलं नाही. ते पोरगं आज बारावीत आहे.

कटकटी इथेही आहेत आणि फीपेक्षा जास्तच. दहा वर्षांवरचं मूल स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू शकतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण शाखेत गेलात की 'आईला घेऊन ये' हेच ऐकावं लागतं. हजेरी कोण कळवणार हा दुसरा घोळ. आम्ही आधी दर महिन्याला सही-शिक्क्याचा दाखला मागायचो. पोरं खिडकीपाशी तिष्ठत उभी राहायची आणि 'उद्या ये' ऐकून परत यायची. दाखल्यासाठी तास बुडायला लागले, म्हणजे आमचाच नियम आमच्या मुळावर आला. आता एक प्राध्यापक महिन्याअखेरीस फोनवर नऊ नावं वाचून दाखवतात. गैरहजेरीला लगेच पैसे कापत नाही, आधी फोन करतो.

या कापाकापीवरून एक आठवलं. मलावीतल्या झोंबा जिल्ह्यात किशोरवयीन मुलींवर एक मोठा प्रयोग झाला होता. काहींना शाळेत हजेरीच्या अटीवर पैसे दिले, काहींना बिनशर्त. शाळेत टिकण्याच्या बाबतीत अटवाल्या मुली पुढे राहिल्या, पण लग्न आणि गरोदरपण लांबवण्यात बिनशर्त पैसे जास्त उपयोगी पडले. ज्या मुलीची शाळा सुटते, तिचे पैसे नेमके गरजेच्या वेळीच बंद होतात, त्यामुळे हे समजण्यासारखं आहे. बीड जिल्ह्यात बसून हे वाचलं की अस्वस्थ व्हायला होतं. मुलींच्या बाबतीत अट किती ताणायची, यावर आमचं अजून एकमत नाही.

'ही पोरं तशीही शिकलीच असती' हा आक्षेप तुमच्याही ग्रुपवर येणारच. इंग्लंडमध्ये याच आक्षेपावर एक अख्खी योजना गेली. तिथे कमी उत्पन्नाच्या घरातल्या सोळा वर्षांपुढच्या मुलांना उत्पन्नाप्रमाणे आठवड्याला १०, २० किंवा ३० पौंड थेट खात्यात मिळायचे. १९९९ मध्ये काही भागांत चाचणी झाली आणि २००४ पासून योजना देशभर लागू झाली. चाचणीच्या भागांची तुलना इतर भागांशी केली तेव्हा पहिल्या वर्षी शिक्षणात राहणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४.५ टक्के-बिंदूंनी जास्त निघालं आणि दोन्ही वर्षं टिकणाऱ्यांचं ६.७ ने. म्हणजे नुसतं नाव घालणारे नाही, टिकणारेही वाढले. पुढे २०१० मध्ये एका पाहणीत मुलांनाच विचारलं, तर पैसे नसते तर शिकलो नसतो असं म्हणणारे साधारण १२ टक्केच निघाले. सरकारने तो आकडा उचलला आणि इंग्लंडपुरती योजना बंद केली. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडने ती चालू ठेवली.

मी काही अर्थतज्ज्ञ नाही. पण सोळा वर्षांच्या पोराला 'हे पैसे नसते तर तू शाळा सोडली असतीस का' असं विचारलं तर 'हो' कोण म्हणेल? आमच्या त्या तिघांना जूनमध्ये विचारलं असतं तर तिघंही 'नाही' म्हणाले असते, आणि मनापासून. शिवाय आमच्या नवातली नेमकी कुठली एक-दोन पोरं आमच्या पैशांमुळे टिकली, हे मला आजही सांगता येणार नाही.

दिवाळीनंतरच्या एकरकमी पाच हजारांची कल्पनाही आमची नव्हे. कोलंबियात, बोगोटा शहरात, मासिक मदतीतला एक हिस्सा मागे ठेवून पुढच्या वर्षी नाव नोंदवायच्या वेळी एकत्र दिला, तेव्हा पुन्हा नाव घालणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. त्यांनी वर्षाअखेरीस दिला, आम्ही तो दिवाळीनंतर हलवला, कारण आमचं वर्ष तिथे तुटतं.

राहता राहिली वस्तुरूप मदत. मुलगी असेल आणि कॉलेज तीन-चार किलोमीटरवर असेल तर सायकल द्या, फार डोकं लावू नका. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये दिले, तेव्हा शाळा तीन किलोमीटरपलीकडे असलेल्या गावांत जास्त फरक पडला होता. आमच्याकडे काही मुलींना सरकारी योजनेतून सायकल मिळते, एसटीचा पासही मिळतो. आधी ते पाहून घ्या.

मग कुणी काय निवडावं? नर्सिंग, डिप्लोमा, विनाअनुदानित सायन्स, म्हणजे जिथे खरोखर मोठी रक्कम एकदम भरायची असते आणि घर जागेवर असतं, तिथे फी भरणंच योग्य. शहरातल्या वस्तीतली पोरं असतील तर मला तितकासा अनुभव नाही, पण तिथेही एखादा दसरा असणारच. गॅरेजवाला, दुकानदार, कुणीतरी कधीतरी दारात येतोच. तो कुठल्या महिन्यात येतो ते शोधा आणि पैसे त्या महिन्यात पोचतील असं बघा. स्थलांतर करणारी घरं असतील तर, माझ्या मते, दरमहा. यादी लहान होईल, खजिनदार वैतागेल, पण जुलैपासून प्रत्येक महिन्याला कुणीतरी पोराचं नाव घेतं आणि पोर गेलं तर जानेवारीची वाट न बघता कळतं. या वर्षी नोव्हेंबरच्या फोनमध्ये एक नाव आलं नाही. चौथ्या दिवशी आम्ही त्या घरी होतो. ती मुलगी आजीकडे थांबली आणि परत आली. असं दर वेळी होत नाही. गेल्या वर्षी एकजण गेलाच.

त्या दोन गटांपैकी एकाने शेवटी फीच भरायची ठरवली आहे. त्यांच्यात एक सीए आहे आणि त्याला पावती हवी. मी आग्रह धरला नाही. फक्त म्हटलं, जूनमध्ये सगळे पैसे संपवू नका आणि गावाकडे फेरी मारायची तर दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात मारा. स्नेहसंमेलनाला नको.