रेकॉर्ड धुण्याचं यंत्र: आठ महिन्यांनंतर

"एवढ्या पैशांत नवं वॉशिंग मशीन आलं असतं की रे," हे आईचं पहिलं वाक्य. 60 हजारांच्या आसपास खर्च झाला होता आणि आलेल्या डब्यात एक रुमालही धुता येत नव्हता, म्हणून मी गप्प बसलो. आता 170 रेकॉर्डी धुऊन झाल्यात, तेव्हा लिहायला हरकत नाही.

रेकॉर्डी आजोबांच्या. रामबागेतल्या जुन्या घरात माळ्यावर दोनशेच्या वर निघाल्या, त्यांत तीसेक 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) जाड तबकड्या. कव्हरांना वाळवी, खाचांत बुरशी.

आधी स्वस्तातला टब आणला होता. पाण्यात उभी रेकॉर्ड, दोन्ही बाजूंना ब्रश, हाताने फिरवायची. मळ निघतो, पण निघालेला मळ त्याच पाण्यात राहतो, आणि पहिल्या रेकॉर्डीची घाण आठवीच्या अंगाला लागते. त्यात मी नळाचं पाणी वापरलं. आमच्या भागात बोअरवेलचं पाणी मिसळून येतं, बादलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. तोच थर रेकॉर्डीवर बसला. वर पंख्याखाली वाळवल्या, म्हणजे इंदूरची धूळही ओल्या खाचेत नीट चिकटली! धुण्याआधी बऱ्या वाजत होत्या.

तेव्हा डोक्यात शिरलं की धुण्यापेक्षा पाणी काढून घेणं महत्त्वाचं. ओल्या खाचेत मळ सुटून तरंगतो, पाणी तिथंच वाळलं की परत बसतो. म्हणून ओढून घेणारं, व्हॅक्यूमचं यंत्र. अल्ट्रासोनिकचाही विचार केला होता. त्यात पाण्यातले सूक्ष्म बुडबुडे फुटून खाच साफ करतात, ब्रश लागत नाही. डिग्रिटर हे त्यातलं नावाजलेलं यंत्र, 120 किलोहर्ट्झवर चालतं. पण आयात शुल्क धरून आकडा बघितला आणि खिडकी बंद केली. माझ्या यंत्राचं नाव लिहीत नाही, या किमतीतली सगळी आतून एकसारखीच: फिरती थाळी, मखमलीच्या पट्ट्या लावलेली पोकळ दांडी, खाली टाकी.

पहिल्यांदा टाकी रिकामी केली तेव्हा पाणी काळ्या चहासारखं. आई लांबूनच म्हणाली, "मामंजींच्या विड्या." असतीलही.

द्रावण घरीच करतो. डिस्टिल्ड वॉटर पाच भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, आणि फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी सारखं पसरवणाऱ्या द्रवाचे, दोन-तीन थेंब. औषधाच्या दुकानातलं सुगंधी स्पिरिट नको, त्यातलं तेल खाचेत राहतं. आणि 78 च्या तबकड्यांना अल्कोहोल अजिबात नाही. त्या व्हिनाइलच्या नसतात, लाखेच्या असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुताराला विचारा, पॉलिश तो असंच करतो. माझी एक तबकडी यातच गेली. चकाकी गेली, बोटाला काळं लागलं, आणि मग वाजली ती नुसती खरखर. आता त्यांना फक्त पाणी आणि वेटिंग एजंट, तेही झटपट.

खरी परीक्षा ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या, मारवा आणि दरबारी या रागांच्या एलपीवर घेतली. अतिविलंबित लय, दोन स्वरांमध्ये एवढी मोकळी जागा की तिथे एक कण असला तरी फटाका वाजल्यासारखा ऐकू येतो. (खाँसाहेब इंदूरचे, त्यामुळे बाकी गावांनी यावर वाद घालू नये.) पहिल्या धुण्यात निम्मी खरखर गेली. दुसऱ्यांदा द्रावण घालून चार मिनिटं भिजत ठेवली, तेव्हा दरबारीच्या बाजूला नुसता तंबोरा ऐकू येऊ लागला. मारव्याच्या बाजूला एक टिकटिक आहे, ती राहणार, कारण तो चरा आहे. चरे कुठलंच यंत्र भरत नाही.

तक्रारीही आहेत. आवाज मिक्सरमध्ये खोबरं घातल्यासारखा, रात्री दहानंतर चालवायचं नाही असं घरात ठरलंय. सलग दहा-बारा रेकॉर्डींनंतर मोटर तापते. टाकी किती भरली ते बाहेरून दिसत नाही, एकदा टेबलावर सांडली. दोन फेऱ्यांपेक्षा जास्त ओढत राहिलं की रेकॉर्ड कोरडी पडून तिच्यात स्थिर वीज तयार होते आणि ती खोलीतली धूळ बोलावून घेते. हे माहितीपुस्तिकेत कुठेच नव्हतं. धुतलेली रेकॉर्ड जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका, सगळी मेहनत पाण्यात. नवी आतली पाकिटं घ्या, हा खर्च आधीच धरा.

सगळ्यात चिडवलं ते मखमलीच्या पट्ट्यांनी. सहाव्या महिन्यात झिजल्या आणि चार बोटं कापडाला परदेशातून मागवण्याचा भाव ऐकून मी सरळ क्लॉथ मार्केटला गेलो. पाव मीटर काळी मखमल. पट्ट्या आईनेच कापून दिल्या, तिच्या शिवणाच्या कात्रीने, माझ्याकडून मापं तीनदा वदवून घेऊन. पहिल्या दोन रेकॉर्डींवर रोवा सुटला, मग पट्ट्यांवर चिकटपट्टी फिरवून घेतली. दोन महिने झाले, टिकल्यात.