ब्राउझरमधला तारीख-वेळ फॉरमॅटर: मराठी ॲपमध्ये दहा महिने वापरल्यानंतर

मराठी इंटरफेसच्या वेब ॲपमधून मोमेंट.जेएस ही तारखांची जावास्क्रिप्ट लायब्ररी काढली आणि तारीख-वेळ दाखवण्याचं सगळं काम ब्राउझरच्या स्वतःच्या ‘इंटल.डेटटाइमफॉरमॅट’कडे सोपवलं, त्याला दहा महिने झाले. ॲप वापरणारे काही पुण्या-नाशिकचे, काही न्यू जर्सीतले. फॉरमॅटर भरवशाचा निघाला, मराठीसाठी दुसरं काही शोधायची गरज नाही. मात्र तारखांचे बहुतेक घोटाळे तारीख त्याच्या हाती येण्याआधीच झालेले असतात, आणि तिथे तो काही करू शकत नाही. म्हणून इथे निम्मं त्याच्याबद्दल आहे आणि निम्मं त्याला काय खायला घालायचं याबद्दल.

मोमेंट सोडण्याचं कारण सरळ आहे. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच्या टीमनेच जाहीर केलं की यापुढे फक्त देखभाल होईल, नव्या प्रकल्पात ते घेऊ नका. शिवाय मोमेंटमध्ये ‘ॲड’ केलं की मूळ तारीखच बदलते. यादीतल्या पहिल्या ओळीसाठी सात दिवस वाढवले आणि तोच ऑब्जेक्ट पुढच्या ओळीने वापरला, की ती ओळही सात दिवस पुढे. इंटलला डाउनलोडचं ओझं नाही. महिन्यांची नावं, आकडे, क्रम हे सगळं युनिकोडच्या सीएलडीआर या भाषावार डेटासंचामधून येतं आणि तो डेटा ब्राउझरमध्येच असतो.

मांडणीचा एकच नियम ठेवला: तारीख दाखवायची असेल तर एकाच फाइलमधल्या फंक्शनमधून दाखवायची. त्या फाइलमध्ये फक्त पाच फंक्शनं आहेत: लांब तारीख, छोटी तारीख, वेळ, तारीख-वेळ आणि ‘किती वेळापूर्वी’. फाइलबाहेर कुणी ‘टूलोकेलस्ट्रिंग’ (तारीख थेट मजकुरात बदलणारं फंक्शन) किंवा त्याची भावंडं लिहिली तर लिंटर, म्हणजे कोड तपासणारं साधन, अडवतो. लोकेल (भाषा-प्रदेशाची खूण) आणि टाइमझोन दोन्ही दरवेळी उघड लिहायचे. ते सोडले तर फॉरमॅटर यंत्राची सेटिंग्ज उचलतो. मग तोच मजकूर ऑफिसच्या लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर दुसरा दिसतो. फॉरमॅटर एकदाच बनवून जपून ठेवायचा. तो बनवणं महाग आहे, वापरणं स्वस्त. हजार ओळींच्या तक्त्यात प्रत्येक ओळीसाठी नवा फॉरमॅटर बनला की स्क्रोल अडखळतं, आणि दोष उगाच तक्त्याच्या लायब्ररीवर जातो.

आता मराठीचे बारकावे. ‘एमआर-आयएन’ लोकेल दिलं की आकडे आपोआप देवनागरी येतात: १५/८/२०२४. हिंदीच्या लोकेलमध्ये तसं होत नाही, तिथे आकडे इंग्रजीच राहतात. दोन्ही भाषा देणाऱ्या ॲपमध्ये हे आधी ठरवलं नाही, तर भाषा बदलताच अर्ध्या पडद्याचे आकडे बदलतात आणि हाताने लिहिलेले बाकीचे तसेच राहतात. आमच्याकडे वाचायच्या मजकुरात देवनागरी आकडे ठेवले. जे कॉपी होऊन दुसरीकडे जाणार, म्हणजे पावती क्रमांकाशेजारची तारीख, सीएसव्ही, लॉग, तिथे ‘नंबरिंगसिस्टम’ला ‘एलएटीएन’ (latn) सांगून इंग्रजी आकडे. याचं व्यवहारी कारण आहे: जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधली, म्हणजे मजकुरात नमुने शोधणाऱ्या सूत्रातली, ‘आकडा’ ही खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते. पडद्यावरून कॉपी केलेली देवनागरी तारीख शोधपेटीत टाकली की शोध रिकामा परततो.

लांब रूप मागितलं तर ‘१५ ऑगस्ट, २०२४’ मिळतं. महिन्यानंतरचा तो स्वल्पविराम आपल्या पत्रात, नोटिशीत कुणी घालत नाही. ‘फॉरमॅटटूपार्ट्स’ने दिवस, महिना, वर्ष सुटे घेऊन मधे फक्त जागा दिली की ‘१५ ऑगस्ट २०२४’ होतं. आलेल्या मजकुरातून स्वल्पविराम रिप्लेस करण्याचा शॉर्टकट टाळा, कारण वार लावलेल्या रूपात पहिला स्वल्पविराम वारानंतर असतो आणि तो हवा असतो.

वेळेसाठी जरा जास्त काम करावं लागलं. फॉरमॅटर बारा तासांच्या घड्याळात आधी आकडा आणि मग दिवसाचा भाग सांगणारी खूण देतो. मराठी वाचकाला ‘सकाळी १०:३०’ हवं, शब्द आधी. त्यासाठी चोवीस तासांचा तास काढून शब्द आपणच निवडतो: चारपासून पहाटे, सहापासून सकाळी, बारापासून दुपारी, सोळापासून संध्याकाळी, विसापासून रात्री. इथे एक खड्डा आहे. पार्ट्समधून आलेला तास मराठी लोकेलमध्ये देवनागरी आकड्यात असतो, आणि जावास्क्रिप्टमध्ये ‘१०’ला नंबर बनवायला गेलात तर ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’) मिळतं. मग एकही तुलना खरी ठरत नाही आणि दिवसभर ‘रात्री’ दिसतं. या हिशेबासाठी इंग्रजी आकड्यांचा वेगळा फॉरमॅटर ठेवा आणि ‘अवरसायकल’ स्पष्टपणे ‘एच२३’ (० ते २३ तास) द्या. नुसतं ‘अवर१२’ बंद केलं तर इंग्रजी-अमेरिका लोकेलमध्ये मध्यरात्र ‘२४:००’ अशी येऊ शकते.

मध्यरात्रीचं निघालंच आहे तर: ‘१५ ऑगस्ट, रात्री १२ पर्यंत अर्ज करा’ असं कधीच दाखवू नका. वाचणारा पंधरा तारखेची रात्र संपेपर्यंत थांबतो, संगणकाच्या लेखी मात्र ती वेळ चौदा तारीख संपतानाच गेलेली असते. मुदत रात्री ११:५९ ची ठेवा.

‘किती वेळापूर्वी’साठी ‘इंटल.रिलेटिव्हटाइमफॉरमॅट’ आहे. ‘काल’, ‘आज’, ‘उद्या’, ‘३ दिवसांपूर्वी’ हे छान येतं. भविष्यकाळात मात्र ‘येत्या ३ दिवसांमध्ये’ मिळतं. मराठीत याचा अर्थ तीन दिवसांत केव्हाही असा होतो, आणि ॲपला सांगायचं असतं ‘तीन दिवसांनी’. बैठकीच्या आठवणीत हा फरक माणसाला चुकवू शकतो. म्हणून मागच्या घटनांसाठी हा फॉरमॅटर आणि पुढच्यांसाठी सरळ तारीख असं ठरवलं. ‘काल’ ठरवताना मिलिसेकंदांना चोवीस तासांनी भागू नका. दोन्ही क्षणांच्या तारखा वापरणाऱ्याच्या झोनमध्ये काढून त्यांची वजाबाकी करा. नाहीतर काल रात्री अकराची नोंद आज सकाळी ‘आज’ म्हणून दिसते.

कॅलेंडरला ‘इंडियन’ असा पर्याय देऊन शक तारीखही मिळते. ही २२ मार्च १९५७ पासून अधिकृत असलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका. १५ ऑगस्ट २०२४ म्हणजे २४ श्रावण १९४६. सरकारी नमुन्यात ती चालते. तिला ‘तिथी’ म्हणू नका, पंचांगातला श्रावण चंद्रावर चालतो आणि जुळत नाही.

आता आतला माल. इथे क्षण आणि तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे भरले तो क्षण. जन्मतारीख, सुट्टी, हप्त्याची तारीख ही नुसती तारीख, तिला झोन नसतो. जावास्क्रिप्टचा ‘डेट’ दोन्ही एकाच पिशवीत कोंबतो आणि सगळा त्रास तिथून सुरू होतो. ‘२०२४-०८-१५’ एवढंच त्याला दिलं तर तो यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरतो. भारतात ती सकाळी साडेपाचची वेळ, म्हणजे तारीख बरोबर दिसते. न्यू जर्सीत तो क्षण आदल्या रात्री आठचा, म्हणून तिथे १४ ऑगस्ट. पुण्यात बसून चाचणी करणाऱ्याला ही चूक कधीच सापडत नाही.

उलटी चूक खास आपल्याकडची. तारीख निवडणारा घटक स्थानिक मध्यरात्र देतो. त्यावर ‘टूआयएसओस्ट्रिंग’ लावून पहिली दहा अक्षरं कापली, की १५ ऑगस्टची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत १४ ऑगस्टचे १८:३०, आणि डेटाबेसमध्ये चौदा तारीख जाते. त्याच युक्तीने ‘आजची तारीख’ काढली तर ती रोज रात्री बारा ते पहाटे साडेपाच चुकते आणि दिवसभर बरोबर असते. उपाय एकच: नुसती तारीख स्ट्रिंग म्हणूनच फिरवायची, डेटाबेसमध्ये ‘डेट’ प्रकारच्या रकान्यात ठेवायची, आणि दाखवताना ती यूटीसी धरून झोनही यूटीसीच द्यायचा. मग कुठल्याही देशात ती हलत नाही.

क्षणांसाठी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ‘टाइमस्टॅम्पटीझेड’ घ्या. नावात झोन असला तरी तो झोन साठवत नाही, यूटीसीतला क्षण साठवतो. मायएसक्यूएल डेटाबेसचा ‘टाइमस्टॅम्प’ १९ जानेवारी २०३८ ला संपतो, म्हणून वीस वर्षांच्या कर्जाच्या हप्त्यांना तो चालत नाही.

भविष्यातल्या भेटीगाठींना मात्र नुसता यूटीसी पुरत नाही. न्यूयॉर्कची सकाळी नऊची साप्ताहिक बैठक भारतात उन्हाळ्यात संध्याकाळी ६:३० ला असते, हिवाळ्यात ७:३० ला. तिथे ३ नोव्हेंबर २०२४ ला घड्याळ तासभर मागे गेलं, म्हणून पहाटे दीड वाजले तेही दोनदा: आपल्या घड्याळात एकदा सकाळी अकराला, एकदा दुपारी बाराला. सरकारं नियमही बदलतात, २०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतेक भागांत उन्हाळी वेळ बंद केली. म्हणून स्थानिक वेळ आणि झोनचं पूर्ण नाव दोन्ही ठेवायचं. ‘आयएसटी’ लिहू नका, ते इस्रायल आणि आयर्लंडचंही आहे. नुसतं अधिक साडेपाचही नको. भारताचं घड्याळ सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतं. त्या वर्षांतली जन्मतारीख ‘एशिया/कोलकाता’च्या नियमाने क्षण बनवून साठवली आणि वाचताना पक्के साडेपाच मिळवले, तर ती आदल्या रात्रीच्या अकरावर येते. निवृत्तिवेतनाच्या यादीत अशा जन्मतारखा असतात.

झोनच्या नावाचीही गंमत आहे: ब्राउझरला झोन विचारला तर फायरफॉक्स ‘एशिया/कोलकाता’ सांगतो, क्रोम ‘एशिया/कलकत्ता’. दोन्ही एकच आहेत. पण भारतातला वापरकर्ता ओळखायला स्ट्रिंगची तुलना केली असेल तर निम्मे लोक गळतात.

सर्व्हरवर पान तयार होत असेल तर तिथे यूटीसी आणि ब्राउझरमध्ये भारतीय वेळ असं होऊन रिॲक्ट (पान बांधणारी लायब्ररी) मजकूर जुळत नसल्याची तक्रार करतं. झोन कुकीत ठेवून दोन्हीकडे तोच दिला की ते थांबतं. सर्व्हरवर मराठी डेटा आहे का हेही बघा. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १३ च्या आधीच्या आवृत्त्यांत मूळ बांधणीत फक्त इंग्रजी होतं. अल्पाइन लिनक्सच्या पॅकेजमधून नोड घेतलं तर आजही ‘आयसीयू-डेटा-फुल’ वेगळं बसवावं लागतं. नसेल तर कुठलीही एरर न येता इंग्रजी महिने छापले जातात. सुरुवातीलाच ‘सपोर्टेडलोकेल्सऑफ’ने विचारा आणि यादी रिकामी आली तर सर्व्हर चालूच होऊ देऊ नका.

चाचण्यांमध्ये पूर्ण मजकूर अक्षर-अक्षर जुळवू नका. सीएलडीआरच्या ऑक्टोबर २०२२ च्या आवृत्तीत इंग्रजी वेळेतली एएम-पीएमआधीची साधी जागा बदलून अरुंद जागा आली. डोळ्यांना फरक दिसत नव्हता, तरी जगभर चाचण्या पडल्या. आम्ही पार्ट्स तपासतो, आणि सगळा चाचणीसंच तीन झोनमध्ये चालवतो: यूटीसी, कोलकाता, न्यूयॉर्क.

एक दुखणं सुटलेलं नाही. एचटीएमएलची तारखेची पेटी आत नेहमी वर्ष-महिना-दिवसच ठेवते, पण क्रोममध्ये ती दाखवते ब्राउझरच्या भाषेप्रमाणे, पान मराठी असलं तरी. अमेरिकी इंग्रजी ठेवलेल्या संगणकावर महिना आधी येतो आणि ५ ऑगस्ट टाकणारा ८ मे टाकून मोकळा होतो. सध्या पेटीखाली निवडलेली तारीख वारासह अक्षरांत दाखवतो, त्यामुळे चूक जागीच दिसते. जावास्क्रिप्टच्या नव्या ‘टेम्पोरल’ या तारीख-वेळ सोयीमध्ये नुसत्या तारखेला ‘प्लेनडेट’ आणि झोनसह वेळेला ‘झोन्डडेटटाइम’ असे वेगळे प्रकार आहेत. फायरफॉक्समध्ये ते मे २०२५ मध्ये १३९ व्या आवृत्तीत आलं. आमच्याकडे पॉलीफिल (ब्राउझरमध्ये नसलेली सोय भरून काढणारा कोड) लावून हप्त्यांचा हिशेब त्यावर गेला आहे, आणि ३१ जानेवारीत एक महिना मिळवल्यावर ‘डेट’सारखं मार्चमध्ये न सांडता ते फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी थांबतं.